पिवळ्या चौकोनातली गाणी

दारव्ह्याच्या बसस्टँडवरून यवतमाळच्या रस्त्याला लागलं, की खताच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा आहे. आत जेमतेम दोन खुर्च्या मावतात. एका खुर्चीवर बहुतेक वेळा कुणाचा तरी उघडलेला कम्प्युटर असतो आणि दुसरीवर रुपाली नगराळे. गावात तिला नावानं ओळखणारे थोडे आहेत. 'कम्प्युटरवाली बाई' म्हटलं की पानठेलेवालाही बोट दाखवतो.

तिचे वडील, उकंडा, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मशीन बंद पडलं की आधी ते कान लावून ऐकायचे आणि मगच पाना हातात घ्यायचे. रुपालीनं यवतमाळला आयटीआय केलं, तिथंच एका दुकानात आठ वर्षं काम केलं, आणि वडिलांचे गुडघे गेल्यावर ती दारव्ह्याला परत आली. नवरा अतुल एसटीत कंडक्टर. ड्युटी लांबची, त्यामुळं गाळा तिचा आणि निर्णयही तिचेच.

तिला एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही. ती कम्प्युटर फॉर्मॅट करत नसे. तालुक्यातले बाकीचे दुरुस्तीवाले मशीन हळू झालं की दुसरं काही विचारतच नसत. "फॉर्मॅट मारा लागते," एवढं सांगून मशीन ठेवून घ्यायचे आणि दोन दिवसांनी परत द्यायचे; लोकांचे फोटो, पत्रं, जे काही असेल ते सगळं गेलेलं असायचं. रुपालीच्या मते ते काम नव्हतंच. दुखणं कुठं आहे ते शोधायचं आणि तेवढंच काढायचं, यात तिचा हात बसलेला होता. आणि हात बसला, की वेगही येतो.

त्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिला अंजू राठोडचा फोन आला. दारव्ह्यापासून काळीपिवळी जीपनं अर्ध्या तासावर खेमसिंगनगर नावाचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथं आपल्या घराच्या पुढच्या खोलीत अंजू फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवते. नवरा इंद्रजीत वणीकडं कोळशाच्या ट्रकवर असतो, घरी ती आणि सासू जमनी. सातबारा, दाखले, शिष्यवृत्ती, आणि त्या दिवसांत पीकविमा. विम्याची मुदत चार दिवसांवर आली होती.

"ताई, कम्प्युटर लय हँग मारून राह्यला वो," अंजू म्हणाली. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. "फॉर्म अर्धा भरला की म्हणते वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा. दिग्रसचा विक्की येऊन गेला. तो म्हणते मशीन म्हातारं झालं, नवं घ्या."

"म्हातारं नाई झालं," रुपाली म्हणाली. "मागच्याच वर्षी मी त्यात नवी डिस्क टाकली. येतो मी."

ती पोहोचली तेव्हा ओट्यावर वीस-बावीस माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. दाराच्या कडेला जमनी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगात आरशांची कांचळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिनं रुपालीला बघून "आव, बेस" म्हटलं आणि स्वतः थोडी सरकली.

रुपालीनं मशीन सुरू केलं. ते बरोबर वेळेत सुरू झालं. फाइल उघडली, लगेच उघडली. मग तिनं ब्राउझर उघडला, आणि तो उघडेपर्यंत एका माणसाचं तंबाखू मळून झालं. दुखणं कुठं आहे ते तिला तिथंच कळलं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर रंगीत चिन्हांची रांग लागली होती, इतकी की पत्ता लिहायच्या जागेला जेमतेम चार बोटं उरली होती.

तिनं एक्स्टेंशनांची यादी उघडली. तेवीस.

"हे कोनं टाकले एवढे?"

"मी तं नाई टाकले," अंजू म्हणाली. मग थोडं थांबून, "फोटो लहान कराची साइट म्हणे हे जोडा, तं जोडलं. पीडीएफची म्हणे जोडा. सहीच्या मागचं पांढरं काढाची..."

"म्हणजे तूच टाकले."

"म्हणजे मीच."

हे रुपालीला नवीन नव्हतं. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं अवजार. एक जोडलं की काम सोपं होतं. पण जोडलेलं अवजार काम झाल्यावर निघून जात नाही. ब्राउझर उघडला की तेही उठतं, आणि त्यातली काही तर प्रत्येक पान उघडताना आत डोकावतात, आपली जाहिरात कुठं चिकटवता येईल ते बघतात. तेवीस जणांनी डोकावून झाल्यावर अंजूच्या फॉर्मचा नंबर लागत होता. तोवर सरकारी साइटची वेळ संपत होती.

तिनं शिफ्ट आणि एस्केप ही दोन बटणं एकत्र दाबली. ब्राउझरची स्वतःची एक यादी असते, कोणतं पान आणि कोणतं एक्स्टेंशन किती मेमरी खातंय ते सांगणारी. ती उघडली. जास्त खाणाऱ्यांना वर आणलं. चार नावं एकदम पुढं आली. पीडीएफचं एक, खरेदीतली सूट शोधणारं एक, एक नुसतंच इंग्रजी आकडे असलेलं, आणि एक पडद्याचा रंग बदलणारं. तिनं चारही बंद केली. फॉर्मचं पान सरकन उघडलं. ओट्यावरून कुणीतरी "झालं, झालं!" म्हणून ओरडलं.

इथं तिनं थांबायला हवं होतं. पण माणसं आत घुसत होती, अंजू दारात उभी राहून त्यांना एकेकाला आवरत होती, आणि रुपालीच्या डोळ्यांसमोर ती एकोणीस चिन्हांची रांग अजून तशीच होती. अर्धवट झाडलेल्या खोलीतून निघून जाणं तिला जमत नसे.

"अंजू, यातलं काही कामाचं हाय का?"

"काय?" अंजूनं वळून न पाहता विचारलं.

"हे बाकीचे. ठेवाचे का काही?"

"सगळं काढून टाका ताई, मले फक्त फॉर्म भराचे हाय. ओ बाबुलालभाऊ, तुमचा नंबर मागं हाय!"

मराठी टायपिंगचं आणि सहीचं, ही दोन रुपालीनं स्वतःच्या बुद्धीनं ठेवली. बाकी एकवीस एकेक करून काढली. प्रत्येक वेळी ब्राउझर विचारत होता, नक्की काढायचं का, आणि ती 'काढा' दाबत होती. त्यात एक पिवळ्या चौकोनाचं चिन्ह होतं. नाव इंग्रजीत. तिनं ते वाचलं नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

त्या दिवशी अंजूनं संध्याकाळपर्यंत चौतीस फॉर्म भरले. रुपाली काळीपिवळीत बसून परत आली तेव्हा खूश होती.

नऊ दिवसांनी, मुदत संपून गर्दी ओसरल्यावर, अंजूचा पुन्हा फोन आला. या वेळी मागं गलका नव्हता.

"ताई, तो पिवळा चौकोन कुठी गेला?"

"कोणता?"

"वरते होता ना. दाबला की चिठ्ठी उघडे. त्याच्यात मी लिहीत होती."

"काय लिहीत होती?"

"याडीचे गाणे," अंजू म्हणाली. तांड्यात आईला आणि आईसारख्या बाईला याडी म्हणतात. अंजू सासूला तेच म्हणत असे.

मग रुपालीला सगळं कळलं. दोन वर्षांपासून अंजू जमनीची गाणी लिहून घेत होती. मुलगी सासरी निघताना तिला गळ्याशी धरून जे गातात, त्या ढावल्यांपैकी जमनीला जेवढी येत होती तेवढी. तांड्यात आता ती गाणारी ही एकच बाई उरली होती. लग्नात डीजे लागत होता. नेट बंद असलं, गिऱ्हाईक नसलं, की जमनी दारात बसून गुणगुणायची आणि अंजू पिवळा चौकोन दाबून लिहायची. वही काढली असती तर सासू गप्प झाली असती, असं अंजूला वाटत होतं. कम्प्युटरवर लिहिलं तर सून काम करतेय असंच दिसायचं. गिऱ्हाईक आलं की चौकोन पुन्हा दाबायचा, चिठ्ठी गायब. एकेचाळीस गाणी झाली होती.

"पाह्यतो मी," रुपाली म्हणाली आणि फोन ठेवला.

एक्स्टेंशन बंद केलं तर त्याच्या पोटातलं तसंच राहतं. काढून टाकलं तर पोटासकट जातं. हे तिला माहीत होतं. आठ वर्षं यवतमाळला आणि सहा वर्षं इथं, तिला हे माहीतच होतं.

अतुल त्या दिवशी घरी होता. जेवताना तिनं त्याला सांगितलं.

"मंग?" तो म्हणाला. "तिनंच म्हणलं ना, सगळं काढून टाका. तुझं काय चुकलं?"

"तिनं पाह्यलं नव्हतं."

"तू इचारलं तं होतं."

"मी इचारलं," रुपाली म्हणाली, "पण नाव वाचलं नाई."

फोनवरून सांगण्यासारखे बहाणे पुष्कळ होते. अपडेट आलं असेल, व्हायरस असेल, विक्कीनं काही केलं असेल. कुणाला कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या काळीपिवळीनं तांड्यावर गेली आणि अंजूला सरळ सांगितलं, की चौकोन मी काढला, नाव न वाचता काढला, आणि त्यातलं बहुतेक गेलं असेल.

रुपालीनं तेच एक्स्टेंशन पुन्हा जोडलं. पिवळा चौकोन वर आला. अंजूनं स्वतः पुढं होऊन तो दाबला. पिवळी चिठ्ठी उघडली, आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं आलं, की तुमची पहिली नोंद इथं लिहा.

"डिस्क घेऊन जातो," रुपाली म्हणाली. "पुसलेलं काही वेळा निघते."

दोन दिवस तिनं गाळ्यात दुसरं काम घेतलं नाही. पुसलेल्या फाइली शोधणारी दोन वेगवेगळी सॉफ्टवेअरं लावली. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पुसलेलं बरेच दिवस मागं राहतं. पण ही नवी वेगवान डिस्क होती, तिनंच मागच्या वर्षी मोठ्या हौशीनं बसवलेली, आणि अशी डिस्क रिकामी झालेली जागा आपली आपण साफ करून ठेवते. तिसऱ्या दिवशी हाती लागलं ते एवढंच: दोन पूर्ण ओळी, एका ओळीचा मागचा अर्धा भाग, आणि मध्ये सगळे चौकटी-चौकटींचे अर्थहीन अक्षरांचे ढीग. ते तिनं कागदावर छापलं आणि डिस्कसोबत नेऊन दिलं.

अंजूनं कागद वाचला. "ठीक हाय," म्हणाली. चहा दिला. निघताना दारापर्यंत आली नाही.

त्यानंतर पाच आठवडे अंजूचा फोन आला नाही. रुपालीनंही केला नाही. काय म्हणून करायचा, ते तिला सुचलं नाही.

गाळ्यात मात्र तिची कामाची रीत बदलली. हळू झालेला ब्राउझर आला, की ती आधी प्रत्येक एक्स्टेंशनचं नाव कागदावर उतरवी. समोरच्याला शेजारी बसवून एकेक नावावर बोट ठेवून विचारी, हे काय आहे, कधी जोडलं, यात काही लिहून ठेवलंय का. मग बंद करी, काढत नसे. पंधरा दिवस कुणाला त्याची आठवण झाली नाही तर मग काढायचं. लोकांना हे आवडत नव्हतं. शाळेतून निवृत्त झालेले नागोराव मास्तर कुंडल्या मांडायचे. त्यांचा लॅपटॉप घेऊन ते आले तेव्हा त्यात अठरा एक्स्टेंशनं निघाली, आणि खाणाऱ्यांच्या यादीत कुणीच ठळक दिसेना. रुपालीनं निम्मी बंद केली. फरक नाही. ती चालू करून उरलेली निम्मी बंद केली. ब्राउझर पळायला लागला. म्हणजे दुखणं या नवांत. त्यातली पुन्हा चार चालू, पाच बंद.

"बाई, हे कोणतं गणित चाललं तुझं?" मास्तर म्हणाले. "सगळे एकदम उडव ना."

"एकदम नाई उडवत मी आता," ती म्हणाली.

"काहून?"

ती पुन्हा यादीकडं वळली. आणखी दोन फेऱ्यांत सापडलं, हवामान दाखवणारं एक निरुपद्रवी दिसणारं ढगाचं चिन्ह. ते बंद केलं. मास्तरांना चहाची वेळ चुकल्याचंच जास्त वाईट वाटलं.

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी, गाळा बंद असायचा त्या दिवशी, ती आपला लॅपटॉप घेऊन तांड्यावर गेली. अंजू फॉर्म भरत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. रुपाली तिच्याकडं गेली नाही. ती ओट्यावर जमनीजवळ बसली.

"याडी, तुमचे गाणे मी पुसले," ती म्हणाली.

जमनीनं तिच्याकडं पाहिलं. "कुठचे?"

"अंजू लिहून ठेवत होती, कम्प्युटरात. ते माझ्या हातानं गेले."

म्हातारीला हे नवीनच होतं. तिनं आत बसलेल्या सुनेकडं बघितलं. "हे लिहीत होती? मले वाटे फारम भरून राह्यली!" ती हसली, दात नसलेलं, तोंडभर. मग तिला एक शंका आली. "तुनं पुसले म्हणून मी बी इसरली का?"

आत कीबोर्डचा आवाज थांबला.

"नाई," रुपाली म्हणाली. "म्हणूनच आली."

जमनी लगेच गायली नाही. आधी तिनं रुपालीला माहेर, सासर, लेकरं सगळं विचारलं. लेकरू नाही म्हटल्यावर पुन्हा माहेराकडं वळली. मग एकदम, बोलता बोलताच, तिचा आवाज उंच चढला. ते गाणं आहे की रडणं आहे ते रुपालीला पहिल्यांदा कळेना. तिनं फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि ऐकू येईल तसं लॅपटॉपवर लिहू लागली. तांड्याची गोरबोली तिला येत नव्हती. ती नुसते आवाज लिहीत होती.

मधेच अंजू बाहेर आली. "असं नव्हतं हे," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो कुणावर ते तिलाही माहीत नसावं. "मागच्या खेपेला बैलाचं नाव येगळं होतं. आन बाप दारात उभा होता, आता झाडाखाली उभा केला."

जमनी थांबली. "तवा कोण जात होती?" तिनं विचारलं.

"कुठी?"

"सासरी. ढावलो जाणाऱ्या पोरीचा राह्यते. तिच्या बापाचा बैल, तिच्या घरचं दार. मागच्या खेपेला मी झिंगुची पोरगी मनात धरली व्हती. आज ही आली." तिनं हनुवटीनं रुपालीकडं खूण केली. "इचं घर मी पाह्यलं नाई. मंग झाड घातलं."

अंजू उभीच राहिली. मग खाली बसली, आणि रुपालीच्या लॅपटॉपचा पडदा आपल्याकडं वळवून चुकीचे शब्द दुरुस्त करू लागली.

दिवाळीपर्यंत रुपाली बहुतेक मंगळवारी गेली. ती आवाज लिहायची, अंजू शब्द करायची, आणि कधी कधी अंजू रागानं म्हणायची, की हेही तसं नाही. एकेचाळीस पुन्हा झाली नाहीत. सव्वीस झाली, आणि त्यातली किती जुनी आणि किती नवी, ते कुणालाच सांगता येणार नाही. एक गाणं जमनीच्या लहान बहिणीचं होतं, जी लग्नानंतर वर्षभरातच गेली. अंजूला त्याची पहिली ओळ पाठ होती. तिनं ती म्हणून दाखवली. जमनीनं ऐकली, रस्त्याकडं बघत बसली, आणि म्हणाली, "ते मले नाई येत आता." येत नाही की गायचं नाही, ते दोघींनी विचारलं नाही.

गाणी आता तीन ठिकाणी आहेत: अंजूच्या मशीनवर साध्या फाइलमध्ये, रुपालीच्या फोनवर जमनीच्या आवाजात, आणि कागदावर छापलेली. पिवळा चौकोन अंजूनं स्वतःच बंद करून टाकला. एक्स्टेंशनं मात्र अजून जोडते. काम अडलं की काय करणार. पण महिन्यातून एकदा यादी उघडून बघते आणि एखादं नाव ओळखू आलं नाही तर रुपालीला फोन करते. फोनवर दोघी कामापुरतंच बोलतात. त्या मैत्रिणी झाल्या असं म्हणता येणार नाही. अंजू एकदा इंद्रजीतला म्हणाली होती, की ती बाई वाईट नाही, पण तिला पाहिलं की ती रिकामी चिठ्ठी आठवते. इंद्रजीतनं ते पुढं अतुलला एसटीत सांगितलं, आणि अतुलनं घरी. रुपाली म्हणाली, "बरोबर हाय तिचं."

छापलेला गठ्ठा तांड्यावर नेला त्या दिवशी जमनीनं सगळं वाचून दाखवायला लावलं. अंजू वाचत होती, म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. अकराव्या गाण्यात तिनं हात वर केला.

"थांब. हे काय वाचलं?"

अंजूनं ओळ पुन्हा वाचली. आणि वाचता वाचताच तिचा आवाज फुटला. ती हसत होती. जुलैनंतर रुपालीनं तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" रुपालीनं विचारलं.

"ताई, हे गाणं नाई वो. गाता गाता बकरी आली होती अंगावर, तिले हाकललं याडीनं. आमच्या बोलीत 'हट मेली, भिताड खाऊन राह्यली' म्हणून. तुमी ते बी लिहिलं. आन माह्याही नजरेतून सुटलं!"

जमनीही हसायला लागली. ओट्यावर दाखल्यासाठी थांबलेल्या बायकांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या.

रुपालीनं अंजूच्या मशीनवर फाइल उघडली, ती ओळ शोधली, निवडली आणि थांबली. "काढू?" तिनं विचारलं.

"दाखवा आधी," अंजू म्हणाली, आणि वाकून ओळ नीट वाचली. "हो. एवढीच. काढा."

रुपालीनं ती काढली, फाइल जतन केली, आणि अकरावं पान पुन्हा छापायला लावलं. छपाई होईस्तोवर दारव्ह्याची काळीपिवळी भरून निघून गेली. पुढची दीड तासानं होती. जमनीनं तिला आत बोलावलं आणि भाकरी वाढली.